पडद्यावरचा हमाल

केयूर : नाही हो काका, मी उज्वलाला ओरडलो नाही. आईशप्पथ. तुम्ही आधी बसा तरी.

मानसिंग : बसतो की. पर ह्या खुर्चीला चाकं हायत.

केयूर : ती नुसती फिरते. पळून नाही जात.

मानसिंग : ऱ्हाऊ द्या, ह्यो स्टूल बरा हाय. चपला भायेर काढल्यात मी. काम्पुटरला धूळ चालत न्हाई म्हणून उज्वला सांगती घरी.

केयूर : थँक्यू काका. पाणी घ्या. आता सांगा, तिला ताप आहे ना? परवा शेजारच्या दुकानातून फोन करून कळवलं होतं तिने.

मानसिंग : कसला ताप न् कसलं काय. म्या कपाळाला हात लावला, तर गार. काल भाकरी केली, कालवण केलं, माझी टोपी धुतली, सगळं केलं. पर तोंडातनं शबूद न्हाई. आज सकाळी म्हणती, आबा, मी आता त्या हापिसात जाणार न्हाई. का, तर म्हणती, असंच. सायेब, असंच म्हणून कोण नोकरी सोडतंय का? आईमाघारी वाढवलेली पोर हाय माझी. शालन गेली तवा ही येवढीशी हुती. म्हणून म्हणलं, आपुनच जाऊन इचारावं. कोपरखैरण्याहून वाशी काय लांब न्हाई. आन मी आलोय ते तिला ठावं न्हाई, बरं का.

केयूर : मी नाही सांगणार. पण काका, मलाच धक्का बसलाय. पाच वर्षं झाली तिला इथे. ही कंपनी माझ्या घरच्या हॉलमध्ये होती तेव्हापासून आहे ती. आणि आता एका लोगोवरून सोडते म्हणजे…

मानसिंग : कशावरनं?

केयूर : लोगो. थांबा, नीट सांगतो. आम्ही काय करतो ते माहितीये ना?

मानसिंग : काम्पुटरचे खेळ. पाढ्याचे, बाराखडीचे. पोरं खेळत्यात आन खेळता खेळता शिकत्यात.

केयूर : बरोब्बर. ‘बोलपाटी’ आमच्या कंपनीचं नाव. तर कुठलाही खेळ लावला की सगळ्यात आधी पडद्यावर कंपनीची खूण येते. म्हणजे पोराला कळतं, हां, हे बोलपाटीवाल्यांचं. त्याला लोगो म्हणतात.

मानसिंग : मार्का म्हणा की सरळ. आमच्या मार्केटात पोत्यावर असतोय. कुणाचा हत्ती, कुणाचा नांगर, कुणाच्या दोन तलवारी. ज्याला वाचता येत न्हाई त्यालाबी कळतंय, हे पोतं कुठल्या गाळ्यावर जायाचं.

केयूर : अरे वा, तुम्ही मार्केटात आहात, नाही का! उज्वला म्हणाली होती. आडत आहे तुमची?

मानसिंग : कांदा-बटाट्यात हाय मी. बरं, तुमच्या मार्क्याचं काय झालं?

केयूर : तो बदलायचाय. एवढंच. बदलणं काही नवीन नाही आम्हाला, दोनदा बदललाय. पहिला केला तेव्हा काळा पडदा, पांढरे ठिपके, बस्स. फ्लॉपीवरून खेळ चालू व्हायला इतका वेळ लागायचा ना, की पोरांना वाटायचं मशीन मेलं. मी उज्वलाला म्हटलं, तोपर्यंत काहीतरी चालतं-फिरतं दाखव. ही तेव्हा ड्रॉइंगचा कोर्स संपवून नुकती आली होती, कम्प्युटर आयुष्यात पाहिलेला नाही. आलेखाचा कागद घेतला आणि एकेक चौकोन रंगवत बसली. दुसऱ्या दिवशी कागद माझ्यापुढे ठेवला. बघतो तर काय, हमाल.

मानसिंग : काय?

केयूर : हमाल. पाठीवर पोतं घेऊन येतो, ते खाली ठेवतो, आणि पोत्यातून अक्षरं बाहेर येतात. बो, ल, पा, टी. मी विचारलं, अगं हमालच का? म्हणाली, सर, पोत्यात पुष्कळ अक्षरं मावतात. मला आवडलं! मग रंगीत पडदे आले तेव्हा दुसरा केला. माणूस तोच, पण टोपी पांढरी झाली, पोतं पोत्याच्या रंगाचं झालं, अक्षरं लाल-पिवळी. आणि बारीक सूर वाजतात. काका, ऐकताय ना?

मानसिंग : ऐकतोय. फुडं बोला.

केयूर : आता जमाना सीडीचा आहे. विंडोज पंचाण्णव, मल्टिमीडिया, मोठा आवाज, सगळं. तर एक शाळांची मोठी संस्था आहे, त्यांच्या सगळ्या शाळांत आमची सीडी घ्यायचं म्हणतायत. त्यांच्या मोठ्या बाई इथे आल्या. मी खेळ लावला. लोगो आला आणि बाईंचा चेहराच उतरला. म्हणाल्या, आम्ही पालकसभेत सांगतो, मुलांनो शिका, नाहीतर हमाली करावी लागेल. आणि तुम्ही पहिल्याच पडद्यावर हमाल आणून उभा करता? हा काढा, काहीतरी मॉडर्न करा, मग बोलू.

मानसिंग : मग काढा की.

केयूर : हां! तेच तर मी म्हणालो उज्वलाला. त्याच्याऐवजी पृथ्वी घाल. निळी, गोल, फिरणारी, तिच्याभोवती सोनेरी अक्षरं. सोमवारी बाईंना दाखवायचंय. तर ती उठली, पर्स उचलली, आणि गेली. त्यानंतर तो तापाचा फोन, आणि आता डायरेक्ट तुम्ही.

मानसिंग : बाईंचं बरोबर हाय, सायेब. मीबी माझ्या पोरीला हेच म्हणत आलो. शिक, न्हाईतर पोती उचलायची पाळी येईल.

केयूर : बघा! तुम्हालाही पटतं. मला हमालाबद्दल काहीच नाही हो, मला तो आवडतो. पण ही शाळा गेली तर कंपनीला टाळं. इथे अजून लोक कामाला आहेत, त्यांचीही घरं आहेत. मी कोणाचं ऐकू?

मानसिंग : गाळा चालवायचा तर गिऱ्हाइकाचं ऐकावं लागतंयच. शेठ बदलला की पोत्यावरचा मार्काबी बदलतोय, त्यात काय रडायचं? मी समजावतो तिला. पर एक सांगा, ती पृथ्वी कोण उचलून आणतंय?

केयूर : कोणी नाही. ती अधांतरीच येते.

मानसिंग : अधांतरी आलेला माल म्या तर कधी बघितला न्हाई.

केयूर : (हसत) हे भारी आहे, काका.

मानसिंग : तो हमाल तरी दावा मला. मी कधी बघितला न्हाई. घरी काम्पुटर न्हाई आन इथं मी कधी आलो न्हाई.

केयूर : अरे, त्यात काय! हे बघा, लावला. असं इकडे सरका, खिडकीचा उजेड पडतो त्याच्यावर. हां, आला. डावीकडून.

मानसिंग : हूं… हूं… चुकलंय की हे.

केयूर : काय चुकलंय?

मानसिंग : हमाल असं पोतं ठेवत न्हाई. बगा, ह्यो गुडघा टेकतोय, पोत्याच्या बुडाला हात लावतोय, आन बाळ पाळण्यात घालावं तसं खाली ठेवतोय. मार्केटात असं केलं तर मागची अख्खी रांग बोंबलंल. मुकादम म्हणंल, जा घरी आन पोरं संभाळ. तिथं पाठ फिरवायची, कमरंला हिसका द्यायचा, पोतं थप्पीवर. धप्प! मागं वळून बघायलाबी सवड नसती.

केयूर : बघा, पाच वर्षांत आमच्यातल्या एकालाही कळलं नाही.

मानसिंग : तुमाला कसं कळंल? आन तिला तरी कुठनं ठावं असणार? मार्केट मशीदबंदराहून इकडं वाशीला आलं तवा ही शाळंत जायाची. पर मी तिला कधी मार्केटात पाय टाकू दिला न्हाई. कधी म्हंजे कधीच न्हाई. परत लावा जरा.

केयूर : हा घ्या.

मानसिंग : टोपी डाव्या कानावर हाय.

केयूर : तिचाच हट्ट. मी म्हटलं, सरळ कर ना ती टोपी. म्हणाली, सर, ती सरळ नसते.

मानसिंग : आन आत यायच्या आधी पाय पुसतोय व्हय ह्यो?

केयूर : हो हो, एक पाय दुसऱ्या पोटरीला पुसतो. पोरं काय हसतात त्याला!

मानसिंग : परत लावा.

केयूर : काका, काय झालं? पंखा वाढवू का? घाम आलाय तुम्हाला.

मानसिंग : असं पोतं कोण ठेवतंय ते मला ठावं हाय.

केयूर : कोण?

मानसिंग : मी.

केयूर : तुम्ही? म्हणजे… तुमची आडत…

मानसिंग : आडत न्हाई, सायेब. दलालबी न्हाई मी. हमाल हाय. माथाडी. साताऱ्याकडनं आलो तवापास्नं ह्येच करतोय. पर हे मार्केटातलं ठेवणं न्हाई, हे आमच्या घरातलं हाय. तुर्भ्याला एक खोली हुती आमची. रातपाळी करून पहाटं घरी यायचो ते टाकाऊ कांद्याचं पोतं घेऊन यायचो. शेजारची राहीबाई ते निवडायची आन नाक्यावर विकायची. तेवढाच हातभार. दाराच्या आत, पायाशी, ही झोपलेली असायची. खोली केवढी, तर येवढी. धप्प केलं तर पोर दचकून उठणार आन आईला हुडकणार. म्हणून गुडघा टेकायचा, बुडाला हात लावायचा. अंगणातला चिखल आत नगं म्हणून पाय पोटरीला पुसायचा. दुसऱ्या कुणाचं न्हाई हे. माझंच हाय.

केयूर : काका, मी मघापासून काय काय बोललो तुमच्यासमोर. सॉरी. मला खरंच माहीत नव्हतं.

मानसिंग : तुमची काय चूक? मीच तिला बजावलं हुतं. हापिसात कुणी इचारलं तर बाप मार्केटात हाय म्हण, हमाल म्हणू नगंस. मार्केटात हाय म्हणलं तर ते काय खोटं न्हाई.

केयूर : तिने कधीच नाही सांगितलं. एकदाही नाही.

उज्वला : आबा!

मानसिंग : आली बघा. आता झालं.

उज्वला : खुंटीवर धुतलेली टोपी दिसली नाही तेव्हाच मी ओळखलं. तुम्ही इथे कशाला आलात? सर, आबा काय बोलले असतील तर मनावर घेऊ नका.

केयूर : अगं बस आधी. ते काही बोलले नाहीत. म्हणजे बोलले, पण… उज्वला, तू मला एका शब्दाने सांगायचंस ना!

मानसिंग : तुला मी काय सांगितलं हुतं? हमाल म्हणून सांगायचं न्हाई म्हणून?

उज्वला : मी कुठे सांगितलं? मी फक्त काढलं.

मानसिंग : अगं पर काढायचं तरी कशाला? उद्या तुला बघायला पावणं येत्याल. कुठं काम करतीस, तर बोलपाटीत. दाव बघू काय करतीस, तर लावला खेळ आन आला बाप पोतं घेऊन!

उज्वला : येऊ दे की. त्यांनाही कळेल कोणाच्या घरी आलेत ते.

मानसिंग : सायेब, ऐकलं? आईवर गेलीय सगळी. शालनबी अशीच. एक बोललं की दोन परत.

केयूर : काका, मी मध्ये पडत नाही. तुमचं चालू द्या.

मानसिंग : मध्ये पडायचं काय? हे बघ उज्वला. सायेबांनी मला सगळं सांगितलंय. गिऱ्हाइकाला हमाल नको, तर काढून टाकायचा. पृथ्वी पायजे, तर पृथ्वी काढायची. त्यात रुसायचं काय? रोजीरोटी हाय ही.

उज्वला : मी रुसले नाही, आबा.

मानसिंग : मग?

उज्वला : सर म्हणाले, हमाल काढ. त्यांच्या मनात काही नव्हतं, मला माहितीये. पण मला वाटलं, कोणीतरी तुम्हाला दारातून जा म्हणतंय. आणि ते माझ्याच हाताने करायचं. माझा हातच उचलेना, आबा. मी काय करू?

मानसिंग : मला कुणी जा म्हणलं तर मी जातो. मला सवय हाय त्याची.

उज्वला : मला नाही.

केयूर : उज्वला, एक सांगू? तू गेल्यावर मी स्वतः बसलो होतो तो हमाल काढायला. एक कळ दाबायची होती फक्त. नाही दाबली. मला शिरवण्याची शाळा आठवली. आपण गेलो होतो ना डेमोला, त्या अस्मिताबाईंच्या वर्गात?

उज्वला : आठवतंय ना. पोरं बाकांवर चढली होती.

मानसिंग : का? काय झालं तिथं?

केयूर : काका, खेळ लावला तेव्हा वर्गात नुसता गोंधळ. कोणी कोणाचं ऐकेना. मग हा आला पोतं घेऊन. याने गुडघा टेकला आणि सगळा वर्ग एकदम खालच्या आवाजात, हळूऽऽ, हळूऽऽ, हळूऽऽ. पोतं जमिनीला टेकेपर्यंत. टेकलं की मग एकेक अक्षर बाहेर येईल तसं ओरडायला लागली. अस्मिताबाई म्हणाल्या, हे आम्ही नाही शिकवलं, पोरांचं त्यांनीच ठरवलंय. आता वर्ग शांत करायचा असला की मीसुद्धा म्हणते, चला, पोतं ठेवायचंय.

मानसिंग : हळू म्हणत्यात?

उज्वला : हो, आबा. रोज म्हणतात.

मानसिंग : हमाल म्हणून हसत न्हाईत?

केयूर : पाय पुसतो तेव्हा हसतात. हमाल म्हणून नाही. पोरांना काय, तो काहीतरी आणतोय आणि जपून ठेवतोय, एवढंच कळतं.

मानसिंग : आणखी एकदा लावा.

उज्वला : आबा, पाणी देऊ?

मानसिंग : नगं. तू काम कर. सोमवारी दावायचंय त्या बाईंना. ती पृथ्वी काढ.

उज्वला : पृथ्वी काढते. पण ती आणणार कोण?

केयूर : घ्या! अगं, तू यायच्या आधी काकांनी हेच विचारलं मला. जसंच्या तसं. बापलेक एकाच साच्यातले आहात.

उज्वला : आबांनी विचारलं?

मानसिंग : सहज म्हणलं ग मी. पृथ्वी म्हणल्यावर तिला वजन असणारच की.

उज्वला : सर, मला तो कागद द्या. तो नाही, आलेखाचा.

केयूर : अगं, आता सगळं डायरेक्ट स्क्रीनवर होतं. चौकोन कोण भरतंय?

उज्वला : माझा हात अजून कागदावरच चालतो. हे बघा. आबा येतात. सॉरी, हमाल येतो. पाठीवर पोतं आहे. पण पोतं गोल आहे. कांद्याचं पोतं विरळ विणीचं असतं ना, आबा? हवा लागावी म्हणून?

मानसिंग : असतंय. न्हाईतर माल सडतोय. आतला कांदा दिसतोय भायेरनं.

उज्वला : मग आतलं निळं दिसेल. विणीतून निळं-हिरवं, थोडं थोडं. बघणाऱ्याला कळणार नाही काय आहे. मग तो पाय पुसतो, गुडघा टेकतो, बुडाला हात लावतो, आणि पोतं सुटतं. आत पृथ्वी. अक्षरं तिच्यावरून उठून उभी राहतात.

केयूर : पृथ्वी कांद्याच्या पोत्यात!

मानसिंग : मावंल का?

उज्वला : तुम्ही आणलीत म्हणजे मावेल.

केयूर : उज्वला, हे… हे एक नंबर आहे. पण बाई हमाल काढा म्हणाल्यात. पृथ्वी दिली तरी हमाल आहेच ना. त्या ठाम आहेत ग. मी काय सांगू त्यांना?

मानसिंग : सायेब, माझ्यापायी गिऱ्हाईक घालवू नका. मी सांगतो तुमाला, काढा त्याला. नुसती पृथ्वी ठेवा. उज्वला, ऐक माझं.

उज्वला : सर, मी नुसती पृथ्वी पण काढून देते. दोन्ही देते. राग नाही माझा. निवड तुमची. पण हमाल नसलेल्या लोगोवर मी सोमवारनंतर काम करणार नाही. दुसऱ्या कोणाला तरी द्या ते.

केयूर : म्हणजे तू जाणार.

उज्वला : जाईन. भांडून नाही जाणार.

मानसिंग : बघा ही पोरगी! बरं, ते सगळं ऱ्हाऊ दे. उज्वला, मला एक सांग. तू मार्केट कधी बघितलं न्हाईस, बरोबर? मग माझं हे ठेवणं तुला ठावं कसं? गुडघा टेकणं, पाय पुसणं? मी तर पहाटं यायचो. तू झोपलेली असायचीस.

उज्वला : आबा, ते…

केयूर : एक मिनिट, फोन. हॅलो, बोलपाटी. हां, मॅडम! नमस्कार, नमस्कार. तुमचंच नाव काढलं होतं आत्ता… हो, सोमवारी नक्की… पृथ्वी ना? आहे, मॅडम. एकदम निळी, फिरणारी… सोनेरी अक्षरं, हो… हमाल?… नाही, मॅडम. काढला नाही… आहे तो… मॅडम, ऐका ना जरा. पृथ्वी तोच घेऊन येतो. त्याच्याशिवाय येत नाही ती… नाही, थट्टा नाही करत. आणि तो कोणी असातसा काढलेला माणूस नाही. आमच्या आर्टिस्टचे वडील आहेत ते… हो, खरे… इथे माझ्यासमोर बसलेत, वाशीच्या मार्केटात असतात. हमाल आहेत… हो… त्यांनी पोरीला शिकवलं, मॅडम, आणि त्या पोरीने तुमच्या शाळेसाठी खेळ केलाय. तुम्ही पालकसभेत सांगता ना, शिका म्हणून? मग हे पण सांगा… नाही, नाही, आवाज नाही चढवला. सॉरी… एकदा बघा फक्त, मग तुम्ही म्हणाल तसं… हो. ठेवतो. नमस्कार.

उज्वला : सर…

केयूर : च्यायला, मी काय बोलून गेलो!

मानसिंग : काय म्हणाल्या?

केयूर : म्हणाल्या, बघू.

मानसिंग : बघू म्हंजे निम्मं व्हय.

केयूर : किंवा निम्मं नाही, काका. सोमवारी कळेल. नाहीच म्हणाल्या तर दुसरी शाळा शोधू. टेन्शन आहेच. पण ती कळ काही माझ्याने दाबवत नाही आता. तुम्ही रागावला नाहीत ना? फोनवर तुमचं सांगितलं म्हणून?

मानसिंग : रागवायचं काय? पर सायेब, मला हमाल म्हणून आवाज द्यायचं म्हंजे ‘ए हमाल, इकडं ये’ असंच ऐकलंय आजवर. कुणाला तरी ‘माझ्यासमोर बसलेत’ म्हणून सांगितल्यालं पयल्यांदा ऐकलं.

उज्वला : सर, मी बसते आता. हे चौकोन भरायला वेळ लागेल. आबा, तुम्ही जाताय की थांबताय?

मानसिंग : थांबतो की. आज सुट्टीच हाय माझी. पर ती टोपी जरा सरळ कर ग. शाळंत जायाचंय त्याला.

उज्वला : नाही करणार.

मानसिंग : बरं बाई, नगं करूस.

केयूर : आणि उज्वला, या वेळी आवाजाची मजा आहे हां. सीडी आहे. पृथ्वी खाली ठेवली की असा गडगडाट करू, वर्गाच्या खिडक्या हादरल्या पाहिजेत. धडाऽऽम!

मानसिंग : न्हाई, न्हाई, सायेब. आवाज नगं. येवढ्या वर्सांत मी घरी पोतं ठेवताना कधी आवाज केला न्हाई. पोरगी झोपलेली असायची.

उज्वला : जागी असायची, आबा. तुमची वाट बघत.